रेसिंग गाड्यांचे गिअरबॉक्स : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न साध्यापासून अवघडाकडे लावले आहेत. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात सविस्तर आला असेल, तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. रेसिंग गाडीचा गिअरबॉक्स साध्या गाडीपेक्षा वेगळा कशात असतो?

इंजिन फेऱ्यांच्या एका ठरावीक पट्ट्यातच जोर देतं आणि रेसिंग इंजिनाचा हा पट्टा फार अरुंद असतो. १९६७ च्या तीन लिटर कॉसवर्थ डीएफव्ही इंजिनाची सुमारे ४०० अश्वशक्ती ९००० आरपीएमला (दर मिनिटाला फेरे) मिळायची, पण ६५०० च्या खाली त्यात फारसा दम नव्हता. ९००० ला गिअर बदलल्यावर इंजिन ७००० च्या खाली उतरू नये असं वाटत असेल, तर लागोपाठच्या दोन गिअरांच्या रेशोंत (आत जाणारे फेरे भागिले बाहेर पडणारे फेरे) १.२८ पटीहून जास्त फरक ठेवून चालत नाही. म्हणून रेसिंग गाडीत गिअर जवळजवळ लावलेले असतात आणि ट्रॅकप्रमाणे बदलता येतील असे ठेवलेले असतात (प्रश्न ७).

दुसरा फरक दात्यांचा. रस्त्यावरच्या गाडीत तिरके दाते असतात, कारण ते शांत चालतात. मात्र तिरके दाते शाफ्टला लांबीच्या दिशेने ढकलतात. तो दाब बेअरिंगांवर आणि केसिंगवर येतो. सरळ दात्यांत हा ढकल नसतो, केसिंग हलकं करता येतं आणि गिअरची जोडी शाफ्टवरून सरकवून काढता येते. रेसिंग गाडीतून येणारा तो उंच, कर्कश आवाज सरळ दात्यांचा असतो.

२. अगदी सुरुवातीला गिअर कसे बदलत?

पानार-लव्हासोर कंपनीने १८९० च्या दशकात रूढ केलेल्या पद्धतीत फिरते गिअरच शाफ्टवर सरकवून एकमेकांत घुसवले जात. दोघांचा वेग जुळला नाही की दाते एकमेकांवर घासत आणि त्यांच्या कडा तुटत. दांडाही एकाच रेषेत मागेपुढे सरके. चौथ्यातून दुसऱ्यात यायचं तर वाटेत तिसरा लागायचाच. १९०१ च्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीजमध्ये खाचांची जाळी, म्हणजे आजचा 'एच' नमुना, आल्यावर ड्रायव्हरला हवा तो गिअर थेट निवडता येऊ लागला. अनेक दशकांनी रेसिंग पुन्हा एकाच रेषेकडे वळलं (प्रश्न १०).

१८९८ मध्ये लुई रेनॉ यांनी सर्वांत वरचा गिअर थेट जोडला. म्हणजे त्या गिअरमध्ये दात्यांच्या जोडीतून न जाता ताकद सरळ मागे जाऊ लागली. साखळीवर चालणाऱ्या गाड्या तरीही बरीच वर्षं टिकल्या. १९०८ ची फ्रेंच ग्रां प्री जिंकणारी लाउटेनश्लागर यांची मर्सिडीज साखळीचीच होती. साखळीमुळे मागचा एक्सल हलका राही आणि नुसतं चक्र बदलून सगळे रेशो एकदम बदलता येत.

३. डबल-डिक्लचिंग म्हणजे नेमकं काय, आणि ते का करावं लागतं?

समजा चौथ्या गिअरचा रेशो १.२० आहे आणि तिसऱ्याचा १.५०. चौथ्यात इंजिन ६००० वर असताना त्याच वेगाला तिसरा टाकायचा, तर इंजिनासकट इनपुट बाजूचे गिअर ७५०० वर फिरायला हवेत. नुसता क्लच दाबला तर ते ६००० वरून उलट खालीच येतात. म्हणून हा क्रम :

क्लच दाबा, दांडा न्यूट्रलला आणा, क्लच सोडा, ॲक्सिलरेटरला ठोका देऊन फेरे ७५०० च्या जरा वर न्या, पुन्हा क्लच दाबा, तिसरा टाका, क्लच सोडा.

न्यूट्रलमध्ये क्लच सोडणं हा यातला कळीचा टप्पा, कारण त्याच क्षणी इंजिन आतल्या शाफ्टला वेग देतं. तो टप्पा गाळून ठोका दिला तर इंजिन वर जातं आणि गिअर आहे तिथेच राहतात. हे सगळं ब्रेक दाबलेला असताना करायचं असल्यामुळे उजव्या पायाचा पुढचा भाग ब्रेकवर आणि टाच किंवा पायाची कड ॲक्सिलरेटरवर ठेवावी लागते. डॉग गिअरबॉक्समध्ये (प्रश्न ८) सरावलेला ड्रायव्हर क्लच एकदाच दाबूनही भागवतो, कारण तिथे फेरे अगदी तंतोतंत जुळावे लागत नाहीत.

४. प्रीसिलेक्टर गिअरबॉक्स रेसिंगमध्ये खरोखर उपयोगी होता का?

होता, आणि समजुतीपेक्षा जास्त काळ. वॉल्टर गॉर्डन विल्सन यांच्या या रचनेत ग्रहमालिकेसारखे एपिसायक्लिक गिअर असतात आणि प्रत्येक गिअरसाठी एक ड्रम व त्याभोवती ब्रेकपट्टा. वळणाआधीच ड्रायव्हर छोट्या दांड्याने पुढचा गिअर निवडून ठेवतो. वेळ आली की पेडल दाबून सोडायचं, म्हणजे एक पट्टा सुटतो आणि दुसरा आवळतो. दात्यांची टक्कर होण्याचा प्रश्नच उरत नाही आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर राहतात.

१९३० च्या दशकातल्या ईआरए या ब्रिटिश रेसिंग गाड्यांत हाच गिअरबॉक्स होता. व्हिटनी स्ट्रेट यांनी आपल्या मासेराटी ८सीएम गाड्यांना तो बसवून घेतला. १९५५ ची सिराक्यूज ग्रां प्री टोनी ब्रूक्स यांनी कॉनॉट बी-टाइपने जिंकली, तिच्यातही प्रीसिलेक्टरच होता. मात्र तो जड होता. न वापरलेले पट्टे ड्रमला थोडे घासत राहिल्याने ताकद वाया जाई, आणि पट्टे झिजले की पकड सैल पडे. शिवाय रेशो बदलायचे तर अख्खी एपिसायक्लिक मालिकाच नवी करावी लागे. हलक्या गाड्यांचा जमाना आल्यावर तो मागे पडला.

५. गिअरबॉक्स मागच्या एक्सलजवळ का नेला?

वजनासाठी. १९३४ च्या मर्सिडीज डब्ल्यू२५ मध्ये इंजिन पुढे होतं, पण गिअरबॉक्स मागे डिफरन्शियलला (दोन्ही चाकांत ताकद वाटणाऱ्या भागाला) जोडलेला होता. अल्फा रोमिओ १५८ चाही तसाच. यामुळे मागच्या चाकांवर भार वाढून पकड मिळते.

इंजिनही ड्रायव्हरच्या मागे गेलं तेव्हा वेगळीच अडचण उभी राहिली : असा गिअरबॉक्स बाजारात तयार मिळत नव्हता. कूपरने पुढची चाकं फिरवणाऱ्या सित्रोएन ट्रॅक्सियों आव्हांचा गिअरबॉक्स घेतला आणि उलटा फिरवून मागे बसवला. मूळ तीन गिअरांच्या जागी चार आले, केसिंग मजबूत केलं गेलं, आणि त्यावरच १९५९ मध्ये जॅक ब्रॅबहॅम विश्वविजेते झाले. अडीच लिटरचं क्लायमॅक्स इंजिन मात्र त्या केसिंगला झेपेल त्याच्या काठावर होतं. म्हणून १९६० च्या गाडीसाठी कूपरने स्वतःचा पाच गिअरांचा बॉक्स केला.

६. ह्यूलंड हे नाव सगळीकडे का दिसतं?

माइक ह्यूलंड यांनी १९५७ मध्ये इंग्लंडमधल्या मेडनहेड इथे कंपनी काढली. त्यांची दूरदृष्टी साधी आणि फार मोलाची होती : फोक्सवॅगन बीटलचं केसिंग मुबलक आणि हलकं आहे, तर ते तसंच ठेवून आत रेसिंगचे गिअर बसवायचे.

'ते केसिंग उपडं का बसवतात?' हा प्रश्नही नेहमी येतो. बीटलमध्ये इंजिन एक्सलच्या मागे आणि गिअरबॉक्स पुढे असतो. रेसिंग गाडीत इंजिन एक्सलच्या पुढे येतं. संपूर्ण जोडणी तशीच वळवून बसवली तर चाकं उलट फिरतील आणि गाडीला पुढे जायला एकच गिअर उरेल. केसिंग उपडं केलं की क्राउन व्हील (एक्सल फिरवणारं मोठं दातेरी चक्र) पिनियनच्या (त्याला फिरवणाऱ्या छोट्या गिअरच्या) दुसऱ्या बाजूला जातं आणि दिशा सुधारते. शिवाय इनपुट शाफ्ट खाली येतो, त्यामुळे इंजिनही खाली बसवता येतं.

पुढे डीजी३००, एफटी२००, एफजी४०० असे स्वतःच्या केसिंगचे बॉक्स आले. सत्तरच्या दशकातले बरेचसे छोटे एफ-वन (फॉर्म्युला वन) संघ डीएफव्ही इंजिन आणि ह्यूलंडचा बॉक्स विकत घेऊन उभे राहू शकले, हे त्यांचं खरं योगदान.

७. ट्रॅकप्रमाणे रेशो कसे ठरवत आणि कसे बदलत?

आधी हिशेब. वेग (किमी/तास) = आरपीएम × चाकाचा घेर मीटरमध्ये × ०.०६ ÷ एकूण रेशो. इंजिन ९०००, घेर २ मीटर, क्राउन व्हील-पिनियन ९/३१ म्हणजे ३.४४ धरा. पाचव्या गिअरची जोडी २६/२५ असेल (पहिला आकडा फिरवणाऱ्या गिअरच्या दात्यांचा, दुसरा फिरणाऱ्याचा) तर एकूण रेशो ३.३१ आणि वेग सुमारे ३२६. त्याऐवजी २५/२६ लावली तर एकूण रेशो ३.५८ आणि वेग सुमारे ३०१. एका दात्याच्या अदलाबदलीने २५ किलोमीटरचा फरक पडतो! म्हणूनच घाईत आकडे उलटे वाचून भलतीच जोडी बसवणं ही महागात पडणारी चूक आहे.

वरचा गिअर आधी ठरवायचा : सर्वांत लांब सरळ रस्त्याच्या शेवटी इंजिन कमाल फेऱ्यांच्या किंचित खाली राहावं. पुढच्या गाडीच्या आडोशाने वेग वाढतो, त्यासाठी थोडी जागा सोडायची. मग सर्वांत हळू वळणाचा गिअर ठरवायचा. मधले गिअर असे वाटायचे की वरच्या बाजूला अंतर कमी होत जाईल, कारण जास्त वेगाला हवेचा विरोध मोठा असतो आणि तिथे फेरे जास्त पडलेले परवडत नाहीत. ऐन वळणाच्या मधोमध गिअर बदलावा लागत असेल तर कागदावरचा आदर्श बाजूला ठेवून तो एक गिअर बदलावा. ड्रायव्हरची लय कागदी आकड्यांपेक्षा जास्त वेळ वाचवते, असं आमचं मत आहे.

ह्यूलंडच्या साध्या बॉक्समध्ये बदलाचा क्रम असा : तेल काढा. मागचं कव्हर उघडा, कारण गिअर एक्सलच्या मागे असतात आणि इंजिन उतरवावं लागत नाही. एकाच वेळी दोन गिअर गुंतवून शाफ्ट अडकवा, म्हणजे शाफ्टच्या टोकाचे नट सुटतील. जुन्या जोड्या क्रमाने सरकवून काढा आणि त्याच क्रमाने मांडून ठेवा. नवीन जोडीतले दोन्ही गिअर एकत्रच बदला. नट ठरलेल्या टॉर्कलाच आवळा. अडकवलेले गिअर सोडवून प्रत्येक गिअर हाताने टाकून पाहा, मगच कव्हर लावा. अनेक बॉक्समध्ये पहिला गिअर शाफ्टवरच कोरलेला असतो. तो बदलायचा तर शाफ्टच बदलावा लागतो.

१९६७ मध्ये लोटस ४९ आली ती झेडएफच्या बॉक्ससह. बॉक्स चांगला होता, पण त्यातले रेशो असे सहज बदलता येत नव्हते. १९६८ मध्ये लोटस ह्यूलंडकडे वळलं.

८. डॉग रिंग कशी चालते, आणि गिअर आपोआप का सुटतो?

इथे गिअरांच्या जोड्या कायम एकमेकांत गुंतलेल्या असतात. शाफ्टवर मोकळ्या फिरणाऱ्या गिअरला शाफ्टशी जोडतं ते डॉग रिंग नावाचं सरकतं कडं. त्याला मोजकेच जाड खुंट असतात आणि त्यांच्यामध्ये ऐसपैस फट असते. फट मोठी असल्याने थोडा वेगफरक असला तरी खुंट आत घुसतात. खुंटांच्या बाजू आतल्या अंगाला किंचित तिरप्या कापलेल्या असतात, त्यामुळे ताकद लागली की रिंग आणखी आत ओढली जाते.

सिंक्रोमेशमध्ये (कॅडिलॅकने ते १९२८ मध्ये बाजारात आणलं) खुंट गुंतण्याआधी घर्षणाची रिंग वेग जुळवून देते. याला वेळ लागतो आणि रिंग तापते. तरी रेसिंगमध्ये ते कधीच नव्हतं असं नाही. पोर्शने ९१७ सारख्या प्रचंड ताकदीच्या गाडीतही स्वतःचं सिंक्रो वापरलं, कारण २४ तासांच्या शर्यतीत थकलेल्या ड्रायव्हरकडून होणाऱ्या चुकांपासून ते गिअरबॉक्स वाचवतं.

डॉग बॉक्समध्ये दांडा झटक्यात आणि ठाम हलवावा लागतो. हळुवार हाताने खुंटांची टोकं एकमेकांवर आपटत राहतात, कोपरे गोल होतात, तिरपी बाजू नाहीशी होते आणि रिंग बाहेर ढकलली जाते. गिअर सुटण्याचं हे पहिलं कारण. दुसरं, वाकलेला किंवा झिजलेला सिलेक्टर फोर्क (रिंग सरकवणारा काटा), ज्यामुळे रिंग पूर्ण आत जात नाही. तिसरं, दांड्याच्या जोडणीतली चुकीची लांबी. ते आधी तपासा, कारण त्यासाठी बॉक्स उघडावा लागत नाही. गोल झालेली रिंग एकटी बदलू नका. तिच्यासमोरचा गिअरही तसाच झिजलेला असतो आणि नवी रिंग तो लवकरच खाऊन टाकतो.

९. फेरारी ३१२टी मधला गिअरबॉक्स आडवा का होता?

नावातला 'टी' त्याच आडवेपणाचा. मौरो फोर्गिएरी यांनी १९७५ च्या या गाडीत गिअरचे शाफ्ट गाडीच्या रुंदीला समांतर आणि एक्सलच्या पुढे ठेवले. एक्सलच्या मागे लोंबणारं वजन मध्याकडे आल्याने गाडी चटकन वळू लागली. त्या वर्षी निकी लाउडा विश्वविजेते झाले. पुढे गाडीखालून आणि मागच्या चाकांमधून वाहणाऱ्या हवेचं महत्त्व वाढलं, तशी रुंद केसिंग अडचणीची ठरू लागली. आज एफ-वनमधले बॉक्स लांबट आणि अरुंद असतात.

१०. सिक्वेन्शियल (गिअर क्रमानेच बदलणारा) गिअरबॉक्स नव्वदच्या दशकातला शोध आहे ना?

नाही. १९५७ च्या लोटस १२ मध्ये एकाच रेषेत मागेपुढे हलणाऱ्या दांड्याचा पाच गिअरांचा बॉक्स होता. गिअर इतके चिकटून बसवलेले होते की गुंतवणाऱ्या भागांना जागा अपुरी पडे, तेलही नीट पोहोचत नसे. कीथ डकवर्थ यांनी लोटसमध्ये असताना त्यावर बरीच मेहनत घेतली. नंतर १९५८ मध्ये माइक कॉस्टिन यांच्यासह त्यांनी कॉसवर्थ काढली.

आजच्या रचनेत खाचा कोरलेला एक ड्रम असतो आणि सगळे फोर्क त्या खाचांत चालतात. दांडा एकदा ओढला की ड्रम एक पायरी फिरतो. पाचव्यातून चुकून दुसऱ्यात जाऊन इंजिन फुटण्याचा धोका संपतो. तोटा एवढाच की मधला गिअर गाळता येत नाही.

११. १९८९ च्या फेरारीने नेमकं काय बदललं?

जॉन बार्नर्ड यांच्या फेरारी ६४० मध्ये स्टिअरिंगमागच्या पॅडलवरून विजेचा संदेश जाई आणि हायड्रॉलिक दाबाने सात गिअर बदलत. क्लच पेडल फक्त निघताना लागे. दांडा आणि त्याची मागपर्यंत जाणारी सळई गेली, तसा कॉकपिट अरुंद करता आला. बार्नर्ड यांना हा फायदा गिअर बदलण्याच्या वेगाइतकाच महत्त्वाचा वाटत होता. मार्चमध्ये ब्राझीलला पहिल्याच शर्यतीत नायजेल मॅन्सेल जिंकले.

त्यानंतर गाडी वारंवार बंद पडली आणि बोल गिअरबॉक्सला लागला. दोष बराचसा विजेचा होता. इंजिनाच्या कंपनांनी अल्टरनेटरचा पट्टा निसटे, व्होल्टेज पडे आणि गिअर बदलणारे व्हॉल्व्ह गोंधळत. गिअर आणि खुंट जुनेच होते, त्यांना हलवणारा हात तेवढा नवा होता. १९९१ चा मॅक्लारेन एमपी४/६ हा हाताच्या दांड्याने विश्वविजेतेपद जिंकणारा शेवटचा. १९९५ ची फोर्टी एफजी०१ ही तसा दांडा असलेली शेवटची एफ-वन गाडी.

१२. म्हणजे एफ-वन गाड्या ऑटोमॅटिक आहेत?

नाहीत. कधी बदलायचं हे ड्रायव्हर ठरवतो, कसं बदलायचं हे यंत्र. संगणकाने स्वतः गिअर बदलणं १९९४ पासून बंद झालं, २००१ च्या स्पॅनिश ग्रां प्रीपासून पुन्हा चाललं आणि २००४ पासून पुन्हा बंद झालं. टॉर्क कन्व्हर्टरचा (क्लचऐवजी तेलातून ताकद पोहोचवणाऱ्या भागाचा) प्रयोग करायचा धीर साठच्या दशकात जिम हॉल यांच्या चॅपारल गाड्यांनी दाखवला. क्लच पेडलची गरज संपल्याने डावा पाय मोकळा झाला आणि २ई मध्ये त्याच पायाने मागचा पंख हलवता येई.

१३. विल्यम्सच्या सीव्हीटीचं (रेशो सलग बदलत राहणाऱ्या गिअरबॉक्सचं) काय झालं?

१९९३ मध्ये एफडब्ल्यू१५सी गाडीवर पट्टा आणि रुंदी बदलणाऱ्या पुली असलेला बॉक्स चाचणीत चालवला गेला. इंजिन सतत सर्वाधिक ताकदीच्या फेऱ्यांवर राहत असल्याने वेग वाढताना आवाज चढत-उतरत नसे. १९९४ च्या नियमांनी तो शर्यतीत येण्याआधीच बंद केला.

१४. रस्त्यावरचा ड्युअल-क्लच एफ-वनमधून आला का?

हा फार पसरलेला गैरसमज आहे. कल्पना १९३० च्या दशकाअखेरीस आदोल्फ केग्रेस यांनी मांडली होती. पोर्शने १९८३ पासून ९५६ वर पीडीके या आपल्या ड्युअल-क्लच बॉक्सच्या चाचण्या घेतल्या आणि १९८६ मध्ये ९६२ ने मोंझाची शर्यत त्यावर जिंकली. एक क्लच विषम गिअरांचा आणि दुसरा सम गिअरांचा, त्यामुळे पुढचा गिअर आधीच तयार असतो. तेव्हा तो जड होता आणि नियंत्रणाची इलेक्ट्रॉनिक्स बाल्यावस्थेत होती. ताकद न तुटता गिअर बदलण्याचं तेच फळ एफ-वनने वेगळ्या वाटेने मिळवलं.

१५. ती वाट म्हणजे 'सीमलेस'? एकाच वेळी दोन गिअर गुंतले तर बॉक्स फुटणार नाही का?

साध्या डॉग बॉक्समध्ये नक्की फुटेल. सीमलेसमध्ये, जो २००५ च्या सुमारास आला आणि दोनेक वर्षांत बहुतेक संघांकडे पोहोचला, प्रत्येक जोडणी ताकद एकाच दिशेने धरते. चौथ्यात जोर लागलेला असतानाच पाचवा गुंततो. पाचव्यामुळे शाफ्ट आणि चौथा गिअर यांच्या वेगात फरक पडतो, चौथ्यावरचा भार उतरतो आणि त्याची पकड आपोआप सुटते. ताकद तुटत नाही. वेळ चुकली, किंवा सुटायची पकड अडकली, तर मात्र तुमची शंका खरी ठरते आणि बॉक्सचे तुकडे होतात. म्हणून ड्रमची स्थिती सांगणारा सेन्सर इथे जिवाचा भाग असतो.

१६. एफ-वनमध्ये आता ट्रॅकप्रमाणे रेशो बदलत नाहीत, हे खरं का?

खरं. २०१४ पासून पुढचे आठ गिअर आणि त्यांचे रेशो संपूर्ण हंगामासाठी ठरवून द्यावे लागतात. पहिल्या वर्षी तेवढी एकदा बदलाची मुभा होती. टर्बो आणि विजेच्या मोटरमुळे जोराचा पट्टा रुंद झाल्याने हे निभतं. त्याआधी २००८ मध्ये एक बॉक्स सलग चार शर्यती टिकवण्याचा नियम आला, मोडला तर सुरुवातीच्या रांगेत पाच जागा मागे. प्रश्न ७ मधलं कसब आज खालच्या श्रेणींत आणि ऐतिहासिक शर्यतींत जिवंत आहे.

१७. तेल काढल्यावर चुंबकी प्लगवर लोखंड दिसलं तर?

बारीक राखाडी लगदा नेहमीचा आहे. टोकदार कण दिसले तर खुंटांचे कोपरे तुटताहेत, डॉग रिंग तपासा. पातळ पापुद्रे दिसले तर बेअरिंगचा किंवा दात्याचा पृष्ठभाग सुटतो आहे. अशा वेळी गाडी पुढे चालवू नका, कारण तुटलेला दाता दुसऱ्या जोडीत अडकला की केसिंगच फुटतं.

१८. पॅडल सगळीकडे आले असताना काही स्पर्धांत दांडा अजून का आहे?

खर्च आणि कौशल्य, दोन्हींसाठी. अमेरिकेतल्या नॅसकारने मुख्य कप मालिकेत चार गिअरांचा 'एच' दांडा २०२१ पर्यंत ठेवला आणि २०२२ मध्ये एक्सट्रॅक कंपनीचा पाच गिअरांचा सिक्वेन्शियल बॉक्स थेट मागच्या एक्सलवर नेला. जागतिक रॅलीत २०११ मध्ये पॅडल काढले, २०१७ मध्ये परत आणले आणि २०२२ च्या रॅली१ गाड्यांत पुन्हा यांत्रिक दांडा आणि पाचच गिअर आले. विजेच्या गाड्यांच्या फॉर्म्युला ई मालिकेची पहिली गाडीही पाच गिअरांची होती. पण विजेची मोटर शून्यापासून जोर देत असल्याने तिथे लवकरच एकच गिअर उरला.

१९. १९९१ ला ब्राझीलमध्ये मॅक्लारेनचे ड्रायव्हर आयर्टन सेना एकाच गिअरवर जिंकले, हे शक्य तरी कसं आहे?

एकेक गिअर गेल्यावर शेवटी त्यांच्याकडे फक्त सहावा उरला होता. प्रश्न १ च्या हिशेबाने हे अशक्य वाटतं, कारण हळू वळणात इंजिन पट्ट्याच्या फार खाली जातं. तीन गोष्टींनी तारलं. होंडाचं ३.५ लिटर व्ही१२ खालच्या फेऱ्यांनाही बंद पडत नव्हतं. वळणात फेरे टिकवण्यासाठी त्यांनी जास्त वेग नेला. आणि हे शर्यतीच्या शेवटच्या काही चकरांत घडलं, तेव्हा हाताशी आघाडी होती. जो गिअर वारंवार सुटतो तो, दांडा हाताने दाबून धरून ठेवता येतो, पण तेव्हा स्टिअरिंगला एकच हात उरतो. शर्यत संपल्यावर त्यांना गाडीतून उतरायला मदत लागली.